तिसरं वाक्य

येशूने सांगितलेल्या गोष्टीत घर सोडून गेलेला धाकटा मुलगा परत यायला निघतो तेव्हा तीन वाक्यं पाठ करून निघतो. बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात अठराव्या आणि एकोणिसाव्या वचनात ती आहेत. पहिलं, बाबा, मी स्वर्गाविरुद्ध आणि तुमच्यासमोर पाप केलं आहे. दुसरं, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायची माझी लायकी उरलेली नाही. तिसरं, मला तुमच्या एखाद्या मोलकऱ्यासारखं ठेवा. एकविसाव्या वचनात तो बापाच्या मिठीत असतो आणि भाषण सुरू करतो. पहिलं वाक्य होतं, दुसरं होतं. तिसरं येतच नाही. बाप तोवर नोकरांकडे वळलेला असतो: झगा आणा, बोटात अंगठी घाला, पायात जोडे घाला.

गंमत म्हणजे काही जुन्या हस्तलिखितांत हे तिसरं वाक्य एकविसाव्या वचनातही सापडतं. अभ्यासकांचं म्हणणं असं की ते मागाहून नकलनविसांनी घातलं असावं. पाठ केलेलं भाषण पुरं व्हायला नको का? अर्धवट तोडलेलं वाक्य त्या बिचाऱ्यांच्याही गळी उतरलं नसेल.

आपल्याकडे गडी म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. साल ठरतं, धान्य-पैका ठरतो, उचल घेतली असेल तर ती कामात वळती होते. गड्याचं आणि मालकाचं भांडण होऊ शकतं, पण एकमेकांवर उपकार राहत नाहीत. म्हणून ‘मला गडी म्हणून ठेव’ ही विनंती नुसती नम्रता नव्हे, तो सौदा आहे. मी राबतो, तू खायला घाल, मागचं हळूहळू फिटेल. पंधरा-वीस वर्षांनी देवळाकडे, म्हणजे चर्चकडे, वळणारा माणूस जवळजवळ नेहमी हेच वाक्य घेऊन येतो. या भागात त्याची रूपं ठरलेली आहेत. ‘फादर, यंदा फेस्ताचा (चर्चच्या सणाचा) मंडप माझ्याकडून.’ ‘वेळांकणीला चालत जाऊन येतो, मग कुमसाराला बसतो.’ (कुमसार म्हणजे पापनिवेदन, फादरसमोर पापं सांगून क्षमा घेणं.) ‘आधी दारू सोडतो, वर्षभर टिकली की येतो.’ ऐकायला तिन्ही चांगली आहेत. पण तिन्हींत क्षमा शेवटी ठेवलेली आहे, पगारासारखी.

लूकच्या कथेत ती शेवटी नाही. ‘तो दूर आहे तोच’ बापाने त्याला पाहिलं आणि त्याला कळवळा आला. इथलं ग्रीक क्रियापद आतड्यांवरून बनलेलं आहे. इंग्रजीत या शब्दाशी झगडावं लागतं, मराठीत नाही. आतडं तुटणं, पोटात कालवणं, पोटात माया असणं हे सगळं आपल्याकडे रोजच्या बोलण्यात आहे. जुन्या करारातला दयेचा एक हिब्रू शब्द गर्भाशयाच्या शब्दाशी जोडलेला आहे. दया म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उंचावर बसलेला न्यायाधीश शिक्षा कमी करताना येतो. या दोन्ही भाषांतली दया मात्र पोटातून सुरू होते, म्हणून ती अर्ज यायची वाट बघत नाही. आणि हा बाप धावतो. म्हातारा, जमीनजुमला असलेला, गावात मान असलेला माणूस कपडे सावरत रस्त्याने धावतोय. सीमाभागातल्या कुठल्याही गावात असं झालं तर आठवडाभर पारावर दुसरा विषय निघणार नाही.

वाटणीचंही लक्षात ठेवायला हवं. मोशेच्या नियमशास्त्रात थोरल्याला दुप्पट वाटा आहे. दोन भाऊ असतील तर धाकट्याच्या वाट्याला एक तृतीयांश. बाप जिवंत असताना वाटणी मागायची, विकून मोकळं व्हायचं आणि पैसा परमुलखात उडवायचा, हे कोणाही शेतकऱ्याला नुसतं पाप वाटत नाही, अंगावर येतं. येशूने ऐकणाऱ्यांची नस बरोबर धरली होती.

आता खालच्या मजल्यावर येऊ, कारण या विषयातली अर्धी भीती चुकीच्या माहितीतून येते.

बेळगाव, खानापूर, नंदगड, सांतीबस्तवाड या पट्ट्यात जे कॅथलिक चर्चपासून लांब गेले, त्यांतले बहुतेक कुठेही ‘गेलेले’ नसतात. गोव्यात हॉटेलात, मुंबईत गोदीवर, आखातात गाडीवर नोकरी लागली. रविवारची सुट्टी नव्हती. मग सवय गेली. किंवा फादरशी, चर्चच्या समितीशी खटका उडाला. किंवा घरात अकाली मरण आलं आणि प्रार्थना तोंडातून निघेना. अशा माणसाला वाटत असतं की आपलं नाव कापलं गेलं. ते कापलेलं नसतं. स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, पुसला जात नाही आणि दुसऱ्यांदा दिलाही जात नाही. चर्चच्या कायद्यात 845व्या कलमात हे स्पष्ट आहे. मिस्साला, म्हणजे चर्चच्या उपासनेला, न येणारा बहिष्कृत होत नाही. त्याला परत यायला हवं ते एक चांगलं पापनिवेदन, इतकंच. कोणी श्रद्धा उघडपणे, समजून-उमजून टाकली असेल तर गोष्ट वेगळी. तिथे बहिष्काराचा प्रश्न येतो आणि तो उठवण्यासाठी फादरना बिशपांचा अधिकार लागू शकतो. म्हणून अशा माणसाने रांगेत येऊन बसण्याआधी फादरना एकदा निवांत भेटावं. दुसऱ्या पंथात जाऊन परतणाऱ्याला बहुधा श्रद्धेची कबुली पुन्हा म्हणावी लागते. पाण्यात पुन्हा उतरावं लागत नाही.

मेथडिस्ट किंवा सीएसआय (चर्च ऑफ साउथ इंडिया) या प्रोटेस्टंट मंडळींत वाढलेल्यांचा मार्ग आणखी सरळ आहे. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीने 1820 साली काम सुरू केलं. त्या परंपरेत पाळकाच्या कानात पापं सांगण्याचा संस्कार नाही. प्रभुभोजनाच्या उपासनेत सगळी मंडळी मिळून कबुलीची प्रार्थना म्हणते, आणि योहानाच्या पहिल्या पत्रातलं ‘जर आपण आपली पापं कबूल केली’ हे वचन आधाराला असतं. लांब गेलेल्याने पाळकाला भेटायचं आणि त्या टेबलाशी पुन्हा यायचं. पुढचं बरंचसं कॅथलिक रिवाजाबद्दल आहे, कारण गुंता तिथे जास्त आहे.

हा गुंता जुना आहे. इ.स. 250 मध्ये रोमन सम्राट डेशियसने फर्मान काढलं: प्रत्येकाने देवतांना बळी अर्पण करावा आणि तसा दाखला घ्यावा. दाखला! अधिकाऱ्यासमोर धूप जाळला, मांस चाखलं, सही-शिक्का झाला. इजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून अधिक दाखले पपायरसवर सापडले आहेत. काही ख्रिस्ती लोकांनी खरंच बळी दिला, काहींनी नुसता धूप जाळला, आणि काहींनी चिरीमिरी देऊन कोरा दाखला मिळवला, म्हणजे पाप न करता पापाचा कागद. तालुका कचेरीच्या पायऱ्या झिजवलेल्या वाचकाला ही तिसरी जात ओळखीची वाटेल. छळ ओसरल्यावर हे सगळे परत दाराशी आले. रोममध्ये नोव्हेशियन म्हणाला, यांना क्षमा करणं चर्चच्या हातात नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन आधी कडक होता. 251च्या सभेत ठरलं की दाखला विकत घेतलेल्यांची प्रकरणं एकेक करून बघावीत आणि बळी दिलेल्यांना मरणाच्या दारातच सामावून घ्यावं. पुढे थोड्याच काळात नव्या छळाची चिन्हं दिसली तेव्हा त्याच सिप्रियनच्या सभेने पश्चात्ताप करत थांबलेल्या सगळ्यांना आत घेतलं. लढाईला पाठवायचं तर निःशस्त्र कसं पाठवायचं, असा त्यामागचा विचार होता. सिप्रियन स्वतः 258 साली तलवारीने मारला गेला.

325च्या निकेया सभेचं अकरावं कलम आणखी मोजून-मापून आहे. जबरदस्ती नसताना, मालमत्ता जायची भीती नसताना ज्यांनी श्रद्धा सोडली, त्यांनी तीन वर्षं फक्त वचन ऐकणाऱ्यांत बसावं, सात वर्षं दंडवत घालणाऱ्यांत राहावं आणि दोन वर्षं मंडळीबरोबर प्रार्थना करावी, पण प्रसाद (मिस्सातली पवित्र भाकर) घेऊ नये. बारा वर्षं. त्यातच तेरावं कलम मात्र सांगतं की मरणाऱ्याला शेवटचा प्रसाद नाकारायचा नाही. कडकपणाच्या त्या काळातही ही फट त्यांनी बुजवली नाही. आजच्या कायद्यातलं 976वं कलम तिथूनच चालत आलेलं आहे: मरण समोर असेल तर कोणताही याजक, अगदी याजकपण सोडलेलासुद्धा, पापक्षमा देऊ शकतो. घरातलं माणूस अत्यवस्थ आहे आणि वीस वर्षांत चर्चला गेलेलं नाही, म्हणून फादरना बोलवायला संकोचणारी घरं अजूनही आहेत. संकोचू नये. शुद्ध हरपण्याआधी बोलवावं, म्हणजे त्याला स्वतःला बोलता येईल.

पहिल्या शतकांत ही सार्वजनिक तपश्चर्या आयुष्यात एकदाच मिळे. मग आयर्लंडच्या मठवासी साधूंनी वेगळी चाल आणली: एकांतात, एकाच्या कानात, आणि पडलात तितक्या वेळा. स्पेनमध्ये 589च्या टोलेडोच्या सभेने यावर तोंडसुख घेतलं, की लोक पाप करतात आणि हवं तेव्हा याजकाकडे क्षमा मागायला जातात, हा काय उद्धटपणा! पण तीच चाल टिकली. 1215च्या लॅटरन सभेने वर्षातून एकदा पापनिवेदन बंधनकारक केलं, 1551 साली ट्रेंटच्या सभेने त्याचे भाग पक्के केले, आणि 1973 साली आजचा विधी आला. बारा वर्षांचं आता पंधरा मिनिटांवर आलं आहे. काही जुन्या वळणाची माणसं याला ढिलाई म्हणतात. मला तसं वाटत नाही. बारा वर्षं दाराबाहेर उभं राहणं हे तिसऱ्या वाक्याचंच लांबवलेलं रूप होतं. शिवाय ती बारा वर्षं कोणी खरोखर पुरी केली आणि कोण कंटाळून मधेच निघून गेलं, हा हिशोब कोणत्याच सभेने लिहून ठेवलेला दिसत नाही.

आता ती पंधरा मिनिटं.

तयारीला आदल्या दिवशी अर्धा तास पुरतो. दहा आज्ञा समोर ठेवा आणि वर्षांवरून जाण्याऐवजी आयुष्याच्या टप्प्यांवरून जा: शाळा सुटली तेव्हा, नोकरीचं पहिलं गाव, लग्न, वडील गेले तो काळ. वीस वर्षं एका रेषेत आठवत नाहीत, टप्पे आठवतात. गंभीर पापं प्रकार आणि साधारण संख्येसह सांगायची असतात. गंभीर म्हणजे ज्याचा विषय मोठा आहे, जे कळून केलं आणि जे स्वतःच्या मर्जीने केलं; तिन्ही एकदम हवीत. आकडा आठवत नसेल तर ‘महिन्यातून एकदोनदा, सहा-सात वर्षं’ इतकं चालतं. कागदावर लिहून नेलं तरी हरकत नाही. नंतर फाडून टाका, खिशात ठेवून शर्ट धुवायला टाकू नका.

आत गेल्यावर क्रूसाची खूण करून म्हणायचं: फादर, मला आशीर्वाद द्या, मी पाप केलं आहे, मागच्या पापनिवेदनाला इतकी वर्षं झाली. हा आकडा सांगितल्यावर फादर दचकत नाहीत. अनुभवी फादर उलट तिथेच थोडे सैल होतात, कारण समोरच्याचं अर्धं काम तिथे झालेलं असतं. मग पापं. मग ते एखाद-दुसरा प्रश्न विचारतील, थोडं बोलतील आणि प्रायश्चित्त सांगतील: काही प्रार्थना, एखादं स्तोत्र, कधी एखादं काम. मग पश्चात्तापाची प्रार्थना. ती विसरलेली असते, बहुतेकांची विसरलेली असते. तसं सरळ सांगावं. फादर पुढे म्हणतात, आपण मागून म्हणायची, नाहीतर स्वतःच्या शब्दांत म्हणायची. शेवटी ते हात पुढे करून पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने क्षमेचे शब्द उच्चारतात. आपण आमेन म्हणायचं आणि प्रायश्चित्त त्याच दिवशी, शक्यतो त्याच बाकावर उरकायचं. घरी जाऊन करू म्हटलेलं राहून जातं.

भाषेचा प्रश्न सीमाभागात पहिला येतो. प्रार्थना कोंकणीत शिकलेली, घरात मराठी, नवीन फादर कन्नड बोलणारे आणि मुलं इंग्रजी माध्यमातली. पापं कोणत्या भाषेत सांगायची? ज्या भाषेत भांडता, त्या भाषेत. तीच खरी. फादरना ती कळत नसेल तर कायद्याचं 990वं कलम दुभाष्याची सोय देतं आणि दुभाषाही गुप्ततेला बांधलेला राहतो. प्रत्यक्षात दुभाष्यापेक्षा बस बरी. 991व्या कलमानुसार अधिकार मिळालेला कोणताही धर्मगुरू आपण निवडू शकतो. खानापूरच्या माणसाने बेळगावला कॅम्पात फातिमा कॅथेड्रलमध्ये जाऊन पापनिवेदन केलं तर त्याला कोणी कारण विचारू शकत नाही. गावच्या फादरना आपला आवाज ओळखू येतो, फेस्ताला ते आपल्याकडे जेवायला येतात, ही अडचण खरी आहे आणि तिची लाज वाटायला नको. जाळीआडून बोलण्याचा हक्कही आहेच.

गुप्ततेबद्दल मात्र शंका नसावी. 983व्या कलमात ती अभंग म्हटली आहे. ती थेट मोडणारा याजक त्या क्षणीच बहिष्कृत होतो, आणि ऐकलेल्या गोष्टीवरून त्याला वागण्यातही फरक करता येत नाही. आखातातून किंवा मुंबईहून फोनवर पापनिवेदन करता येईल का, असं बरेच जण विचारतात. सल्ला मिळेल, धीर मिळेल, क्षमेचा संस्कार मिळणार नाही; त्याला दोघं समोरासमोर लागतात.

बिघडतं कुठे? सगळ्यांत जास्त बिघडतं गोष्ट सांगण्यात. माणूस पाप सांगायला बसतो आणि कथा सांगतो, कथेत इतर पात्रं येतात आणि दहा मिनिटांनी फादरना सासूची, मेहुण्याची, भावकीची पापं पाठ झालेली असतात. नावं घेऊ नयेत, कारणं दोन वाक्यांत आटपावीत. दुसरं, ‘सगळीच पापं झालीत फादर, काय काय सांगू’ हे वाक्य. खूप प्रामाणिक वाटतं, पण त्याच्याआड एक नेमकी गोष्ट लपलेली असते. ती जाणूनबुजून लपवली तर बाकीचंही व्यर्थ जातं. खरंच विसरली तर ती क्षमेत धरली जाते आणि आठवली की पुढच्या वेळी सांगायची, एवढंच. तिसरं, ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात येणं. बाहेर चाळीस माणसांची रांग, आत थकलेले फादर आणि मागच्याच्या चपलांचा आवाज. वीस वर्षांचं ओझं त्या रांगेत उतरवायचं नसतं. एखाद्या आडदिवशी फोन करून वेळ ठरवावी. आणि चौथं, पश्चात्ताप पुरेसा ‘वाटत’ नाही म्हणून थांबणं. डोळ्यांत पाणी यावं अशी अट नाही. ट्रेंटच्या सभेनेच म्हटलं आहे की शिक्षेच्या भीतीतून आलेला अपुरा पश्चात्तापही या संस्कारात माणसाला क्षमेपर्यंत नेऊ शकतो, त्यात पाप सोडायचा इरादा असला म्हणजे झालं. धाकटा मुलगा तरी काय घेऊन निघाला होता? भूक.

क्षमा झाली म्हणजे उसनवार फिटली असं मात्र नाही. कोणी वर्षानुवर्षं शेजाऱ्याचा बांध कोरत आला असेल तर क्षमेच्या शब्दांनी बांध मागे सरकत नाही. तो फावड्याने सरकवायचा असतो. उसाच्या काट्यावर वजन मारलं असेल, भावाच्या अंगठ्यावर उतारा आपल्या नावे केला असेल, तर परत द्यायचं, आणि माणूस हयात नसेल तर त्याच्या वारसांना. ज्याला द्यायचं तो सापडतच नसेल तर गरिबांना. लोकांना लुबाडलेल्या जकातदार जक्कयाने चौपट देतो म्हटलं ते येशू त्याच्या घरी आल्यावर. आधी चौपट दे, मग घरी येतो, असं येशू म्हणाला नव्हता. प्रायश्चित्त आणि मजुरी यांतला फरक इथे नीट दिसतो. गडी कर्ज फेडतो कारण त्याशिवाय त्याला घरात जागा नाही. मुलगाही तेच कर्ज फेडतो, तेवढेच पैसे, तेवढाच घाम. पण रात्री झोपतो घरात.

बऱ्याच घरांत येशूचं एक चित्र भिंतीवर असतं: पांढरा झगा, एक हात आशीर्वादाला वर, दुसरा छातीशी, आणि तिथून निघालेले दोन किरण, एक लाल, एक फिकट. खाली ‘येशू, माझा तुझ्यावर भरवसा आहे’ या अर्थाची ओळ. पोलंडमधली फाउस्तिना ही साधी मठवासिनी. जन्म 1905चा, मृत्यू 1938चा, वय अवघं तेहेतीस. 22 फेब्रुवारी 1931 रोजी तिला जे दर्शन झालं त्यावरून हे चित्र 1934 साली विल्नियसमध्ये पहिल्यांदा रंगवलं गेलं. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 30 एप्रिल 2000 रोजी तिला संत घोषित केलं, आणि ईस्टरनंतरचा रविवार ईश्वरी दयेचा रविवार झाला. जपमाळेच्याच मण्यांवर, दहा-दहा मण्यांच्या पाच टप्प्यांत, दयेची माळ म्हणतात, बहुधा दुपारी तीनला, येशूच्या मरणाच्या वेळेला. या चित्रातलं मला सगळ्यांत आवडतं ते पाऊल. किरणांकडे सगळ्यांचं लक्ष जातं, पण तो उभा नाही, एक पाय पुढे टाकलेला आहे. तो चालत येतोय. लूकमधला म्हातारा आठवतो. या भक्तीचंही कधीकधी गड्याच्या वाक्यात रूपांतर होतं, इतके दिवस इतक्या माळा म्हणजे अमुक पदरात, तेव्हा ते पाऊल बघावं.

आणि धाकट्याच्या स्वागतावर रुसलेला थोरला भाऊ? तो गोष्टीत असतो तसा गावातही असतो. प्रसादाच्या वेळी बाकांची रांगच्या रांग उठते आणि जो बसून राहतो तो सगळ्यांना दिसतो. छोट्या गावात ही सगळ्यांत जाहीर जागा आहे. त्या नजरेला भिऊन माणसं दोन चुका करतात. काही बहिणीच्या लग्नात, आईच्या महिन्याच्या मिस्साला, पापनिवेदन न करताच उठून प्रसाद घेतात, कारण न उठणं म्हणजे बोभाटा. आणि काही त्या एका क्षणापायी चर्चलाच यायचं सोडतात. बसून राहणाऱ्याकडे न बघणं ही बाकीच्यांनी शिकण्यासारखी गोष्ट आहे. मान खाली घालून रांगेत चालता येतं. परत आलेल्यावर पहिल्याच रविवारी ‘काय बाई, आज इकडं कसं काय वाट चुकलात?’ असं म्हणणाऱ्या मावशी प्रत्येक गावात आहेत. त्या वाईट नसतात. त्यांना आनंदच झालेला असतो, फक्त तो तोंडातून वाकडा निघतो. पण ते एक वाक्य काही वेळा आणखी पाच वर्षं खर्ची घालतं.

लग्नाचं प्रकरण असेल तर पापनिवेदनाआधी कागद बघावे लागतात, आणि पुष्कळांचं घोडं इथेच अडतं. मुलगी मराठा किंवा लिंगायत घरातली, लग्न कार्यालयात अक्षता टाकून झालं किंवा नुसतं रजिस्टर केलं, चर्चची परवानगी घेतली नाही. असं लग्न चर्चच्या लेखी उभं राहत नाही. पण ते उभं करता येतं. बिशपांची सूट मागायची, कॅथलिक जोडीदाराने श्रद्धा टिकवण्याचं आणि मुलांना स्नानसंस्कार देण्यासाठी शक्य ते करण्याचं वचन द्यायचं, आणि ते दुसऱ्याच्या कानावर घालायचं. दुसऱ्याने धर्म बदलायची गरज नाही, त्याला तसं सांगणंही चूक आहे. मग फादर आणि दोन साक्षीदारांसमोर संमती पुन्हा द्यायची. मंडप, बँड, काही लागत नाही, दुपारी चार वाजता रिकाम्या चर्चमध्ये होतं. जोडीदार चर्चमध्ये यायलाच तयार नसेल, ‘आमचं लग्न एकदा झालंय’ म्हणत असेल, आणि त्याच्या बाजूने त्यात तथ्यही आहे, तर बिशप पुन्हा संमती न घेता ते लग्न मुळापासून वैध करू शकतात. ही दुसरी वाट पुष्कळांना माहीतच नसते. आधीचं एखादं चर्चमधलं लग्न मोडलेलं असेल तर मात्र धर्मप्रांताच्या न्यायासनाकडे जावं लागतं. 8 डिसेंबर 2015 पासून तिथे दुसऱ्या न्यायासनाचा तोच निकाल मिळवण्याची अट उरलेली नाही.

या सगळ्याला लागतो स्नानसंस्काराचा दाखला, आणि तो नव्याने काढलेला, साधारण सहा महिन्यांच्या आतला. आईच्या ट्रंकेतला पिवळा कागद चालत नाही. कारण मूळ वहीच्या समासात नंतरच्या नोंदी होतात: दृढीकरण (कन्फर्मेशन), विवाह, याजकदीक्षा. बेळगाव धर्मप्रांत 1953 साली झाला. त्याआधी हा भाग गोव्याच्या आणि पुण्याच्या अखत्यारीत होता, त्यामुळे आजोबांपर्यंत मागे जायचं तर जुन्या वह्यांत पोर्तुगीज किंवा लॅटिन वाचायची तयारी ठेवावी. वहीत पेद्रू, शाळेच्या दाखल्यावर पीटर, आधारवर कन्नडातून फिरून आलेलं तिसरंच काहीतरी. म्हणून जाताना जन्मतारीख, आईचं माहेरचं आडनाव आणि पाद्रिन-माद्रिनची (धर्मपिता-धर्ममातेची) नावं घेऊन जावीत; नाव बदलतं, पण आईबाप आणि पाद्रिन-माद्रिन ही चार माणसं एका ओळीत एकदाच सापडतात. वहीच नसेल, पावसात भिजून गेली असेल, तरी 876व्या कलमानुसार एका विश्वासू साक्षीदाराचा शब्द पुरतो. स्नानसंस्काराला हजर असलेली एखादी आत्या हयात असेल तर तिला वेळेत गाठावं.

ऑफिसात मोठी वही टेबलावर उघडली जाते. बोट तारखांवरून खाली सरकत येतं. ओळ सापडते: मुलाचं नाव, आईबाप, पाद्रिन-माद्रिन, फादरची सही. समासात दृढीकरणाची तारीख असते किंवा नसते. चर्चला यायचं कोणत्या साली थांबवलं ते लिहायला या वहीत रकाना आखलेला नाही. ओळ दाखल्यावर उतरवली जाते, शिक्का बसतो, शाई वाळेपर्यंत कागद तसाच ठेवला जातो, आणि पलीकडून प्रश्न येतो: साक्षीदार दोन लागतील, कोण कोण येणार?